येळवशीची हरणं

ज्वारी निसवायला लागली की संध्याकाळी मला घरात बसवत नाही आणि बाहेरही जाववत नाही. बिदरला आमचं घर आता कोळारच्या कारखान्यांच्या अंगाला आहे. धुराड्यांच्या पलीकडं थोडी काळी शेतं अजून उरली आहेत, आणि मार्गशीर्षातलं ऊन त्या शेतांवरून तिरपं येऊन थेट माझ्या ओट्यावर पडतं. डोळ्यांवर आडवा हात धरून बघावं तर रस्त्यानं येणारा माणूस नुसता काळा दिसतो. कडेनं उजेड, आणि आत कोण आहे ते कळत नाही. तो बोलेपर्यंत मी जागची हलत नाही. नातसून हसते. "आजी, दूधवाला आहे तो," म्हणते. असेल बाई. पण मी जन्माची भित्री, आणि भित्र्या माणसाला दूधवालासुद्धा आधी पारखून घ्यावा लागतो.

परवा औरादहून पुतण्याचा फोन आला. काळविटांनी हरभरा पार खुडून खाल्ला म्हणून गाऱ्हाणं सांगत होता. "रातभर राखण करायलाव काकू, तरी येतेतच." मी विचारलं, "संध्याकाळी दिसतात का रे? ऊन खाली आल्यावर?" तो म्हणाला, "तुला कामून पायजे ते?" मी फोन ठेवला आणि ओट्यावर येऊन बसले.

हा मोसमच तसा आहे. तुरीच्या शेंगा भरलेल्या, करडईला काटे धरलेले, हरभऱ्याचा आंब बोटांना लागलेला. दुपारी ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं आणि पाच वाजले की त्याच उन्हात बोटं गार पडतात. आमच्या सीमेवरच्या भागात या दिवसांत येळवस येते, म्हणजे वेळ अमावस्या. बाहेरच्या माणसाला ती सांगावी लागते. त्या दिवशी गावात कुणी राहत नाही. सगळे गाड्या जुंपून शेतात जातात, कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करतात, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि माठात गार झालेली आंबील. माझं माहेर कोहिनूर गावचं. तिथली भज्जी चिंचेनं आंबट, सासरची ताकानं आंबट, आणि यावरून मी पहिल्या वर्षी सासूबाईंशी मनातल्या मनात पुष्कळ भांडले आहे. दिवस मावळला की घरातला कर्ता पुरुष हेंडगा पेटवतो. हेंडगा म्हणजे गवताची, कडब्याची जळती पेंढी. ती घेऊन पिकाच्या भोवती पळायचं, मागून बाकीच्यांनी आंबील शिंपडायची आणि ओरडायचं, "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" याचा अर्थ मला कुणी कधी सांगितला नाही. मीही विचारला नाही.

माझं लग्न झालं ते हैदराबाद संस्थान बुडालं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात. वाजंत्री लावली नव्हती. दिवसाढवळ्या, दार लावून लग्न. गावोगाव रझाकारांच्या टोळ्या फिरत होत्या, आणि पाहुणे अक्षता टाकून जेवण्याआधीच निघून गेले. "हरणावानी डोळे हायेत बघा पोरीचे," असं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सगळ्यांना कौतुकानं सांगायच्या. डोळे कसले आले आहेत? त्या वर्षीच्या प्रत्येक नव्या नवरीचे डोळे तसेच होते. दाराची कडी वाजली की मोठे व्हायचे आणि मोठेच राहायचे. पुढं भादव्यात पोलीस ॲक्शन झाली. आमच्या घरातली भीती उतरते न उतरते तोच ती गल्लीतल्या मुसलमानांच्या घरांत शिरली. ज्यांच्याकडून आम्ही बांगड्या भरत होतो, ज्यांच्याकडून गाद्या भरून घेत होतो, त्यांतली कितीतरी घरं ओस पडली. माणसं कुठं गेली ते कुणी विचारायचं नाही. विचारलं तर समोरचा दुसरीकडं बघायला लागायचा.

आमच्या ह्यांचं बाजारात फोटोचं दुकान होतं. हैदराबादेला एका स्टुडिओत काम शिकून आले होते आणि येताना एक लाकडी कॅमेरा आणला होता, तीन पायांचा, पुढं लोहाराच्या भात्यासारखा भाता असलेला. लग्नाचे, मुंजीचे, क्वचित मढ्याचे फोटो काढायचे. पण जीव सगळा हरणांवर. आमच्या शेताला लागून मोठा माळ होता, आणि पूर्वी त्या माळावर मोटारीत बसून शिकार चालायची. त्या वर्षी बंदुका सरकारजमा झाल्या आणि हरणं पुन्हा खाली उतरायला लागली. हे रोज संध्याकाळी माळाकडं बघत बसायचे. "सूर्याकडं पाठ करून फोटो काढला की सगळं सपाट येतंय," असं मला समजावून सांगायचे. "सूर्याकडं तोंड करून काढलं की कड येते. अंगावरचा केस न् केस येतो." मी म्हणायची, "आणि तोंड?" "तोंड काळं येतं," ते म्हणायचे. "हरणाच्या तोंडाशी काय करायचंय?"

मला मात्र तोंडच बघायचं असायचं. कुणाचंही. त्या दिवसांत मला दुसरं काही सुचतच नव्हतं. ह्यांना दुकानातून यायला उशीर झाला की मी उंबऱ्यात उभी राहायची, आणि लांबून येणारी काळी आकृती त्यांची आहे की आणखी कुणाची हे कळेपर्यंत दाराची कडी सोडायची नाही. पोटात पहिलं मूल होतं. त्यांना काही झालं तर, हा एकच विचार मी जात्यावर दळायची, पाटा-वरवंट्याखाली वाटायची आणि रात्री उशाखाली घेऊन निजायची.

पोलीस ॲक्शननंतरची ती पहिली येळवस. आदल्या वर्षी भीतीनं कुणी शेतात गेलं नव्हतं, म्हणून या खेपेला सगळे हौसेनं आले होते. जेवणं झाली, पानं झाली, मामा म्हणजे माझे सासरे कोपाच्या सावलीत आडवे झाले. ऊन कलायला लागलं तसे हे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "चल. सोन्याला घे."

सोन्या आमचा म्हातारा पांढरा बैल. हरणं माणसाला बघून पळतात, बैलाला बघून पळत नाहीत. पारधी लोक बैलाच्या आडून हरणाच्या जवळ जातात, ती रीत ह्यांनी उचलली होती. पण सोन्याला गडी धरायला गेला की तो बिथरायचा. त्याला भाकरी मी चारत होते, म्हणून तो माझ्याच हाताखाली गप्प चालायचा.

आत्याबाईंनी बघितलंच. "पोटुशी पोर घेऊन कुटं जायलास, बस्वण्णा? आज अवस हाय. चांद न्हाई, काय न्हाई."

"माळापस्तोर, आई. लगेच येतो."

"हेंडगा पेटवायच्या आत या. आणि तिला पुढं घालू नकोस."

ज्वारी माझ्या डोक्याच्या वर गेली होती. त्या ज्वारीतून माळावर निघेपर्यंत मी सोन्याच्या वशिंडाला धरून चालले. प्रत्येक सळसळीला मी थांबायची आणि हे मागून हसायचे. मग ज्वारी संपली आणि समोर माळ आला. माळ पिवळा पडला होता. लांब, सूर्याच्या खाली, हरणं चरत होती. एक काळवीट आणि त्याच्याभोवती त्याच्या माद्या.

बैलाच्या आडून आम्ही बरेच जवळ गेलो. मग ह्यांनी कॅमेऱ्याचे पाय रोवले आणि काळ्या कापडाखाली डोकं घातलं. दुकानात उरलेली ती शेवटची प्लेट, म्हणजे फोटो उमटायची काच होती, हैदराबादहून माल येणं कधीच बंद झालं होतं. एकदा मला त्यांनी त्या कापडाखाली डोकं घालू दिलं होतं. आतल्या घासलेल्या काचेवर सगळं उलटं दिसतं, झाडं आभाळातून लोंबतात. मी एका हातात कासरा आणि दुसऱ्या हातात त्यांची काळी टोपी भिंगावर आडवी धरून उभी राहिले, कारण ऊन भिंगात शिरलं की चित्र पांढरं पडतं.

खरं सांगते, तेवढा वेळ मी भीती विसरले. काळविटाच्या पाठीवर उजेडाची एक बारीक रेघ होती. माद्यांच्या कानांतली लव सोनेरी दिसत होती. खुरांनी उडालेली धूळ खाली बसायला तयार नव्हती. माझी मान आखडली होती, हात भरून आला होता, आणि तरी तो उजेड संपू नये असं मला वाटत होतं.

मग सगळ्या माना एकदम वर झाल्या. एका मादीनं पुढचा पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरला. कापडाखालून ह्यांचा आवाज आला, आनंदानं कापरा झालेला. "बगायलीस का? हालू नको. हेच, हेच पायजे होतं." खटका वाजला.

मला दिसत होतं ते त्यांना दिसत नव्हतं. हरणं आमच्याकडं बघत नव्हती. ती सूर्याकडं बघत होती, आणि सूर्याच्या बाजूनं माणसं येत होती.

काळी माणसं. कडेनं उजेड, आत कोण ते कळत नाही. पुढच्याच्या खांद्यावर काहीतरी लांब होतं. हरणं उधळली, माझ्या हातातली टोपी पडली आणि ऊन भिंगावर येऊन लखकन चमकलं. त्याबरोबर ती माणसं पटकन खाली बसली, माळाच्या कडेच्या करडईत. काही हलेना. सोन्यानं एकदा मान हलवली, त्याच्या गळ्यातली घंटा वाजली आणि मी ती मुठीत घट्ट धरली.

"कोण हाय?" पलीकडून हाक आली. थोडं थांबून पुन्हा, कानडीत, "यारू?"

आमच्याकडचा माणूस अनोळखी सावलीला हाक मारतो ती तिन्ही भाषांत मारतो, मराठी, कानडी आणि दख्खनी. इथं दोनच आल्या. तिसरी त्यानं गिळली होती. हे कापड डोक्यावर तसंच घेऊन उभे राहिले. पुढं कितीतरी वर्षं ते म्हणत की आपण मुद्दाम गप्प होतो, पण मी शेजारीच उभी होते. मलाच काहीतरी बोलायला हवं होतं. काय बोलणार? अमक्याची बायको म्हणायचं तर नवऱ्याचं नाव घ्यावं लागणार, आणि ते माझ्या तोंडून लग्नातल्या उखाण्यानंतर कधी निघालं नव्हतं. आत्ताही निघेना. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते माझं मलाच कळलं नाही.

"ओलगे ओलगे!"

माळावर तो आवाज फार बारीक वाटला. करडईतून एक म्हातारा, थकलेला आवाज आला, "सालम पोलगे." आणि लगेच, "हमे पिंजारी लोगां है, माई. मारू नक्को."

म्हातारा उभा राहिला. मागं त्याची म्हातारी आणि तरणी सून. त्याच्या खांद्यावर होतं ते कापूस पिंजायचं पिंजण होतं, लांबच लांब लाकडी धनुष्य. दरसाल थंडीच्या तोंडावर ते खांद्यावर टाकून पिंजारी गावागावांतून फिरायचे, आमच्या घराच्या गाद्या त्यानंच कधीतरी पिंजल्या असतील. आणि मला ती बंदूक दिसली होती. त्यांना आमचं काय दिसलं होतं? तोंड काळ्या कापडानं झाकलेला माणूस, समोर तीन पायांवर रोवलेलं काहीतरी, आणि त्यातून निघालेली चमक. म्हातारीचे डोळे मोठे झाले होते आणि मोठेच राहिले होते. ते डोळे मी ओळखत होते.

ह्यांनी कापड काढलं. "फोटूचा डबा हाय, बाबा. हरणाचे फोटू काढायलो मी."

म्हाताऱ्याचा जीव क्षणभर भांड्यात पडला. मग त्यानं कॅमेऱ्याकडं बघितलं, आपण आलो त्या बाजूला बघितलं, आणि त्याचं तोंड पुन्हा उतरलं. "हमारा फोटू निकल्या क्या?"

हे खोटं बोलू शकले असते. पण म्हणाले, "निघाला आसंल. हरणाच्या मागं व्हते तुमी."

म्हातारा खाली बसला. नदीपलीकडं लेकीच्या गावाला निघालो आहोत, एवढंच तो सांगत होता. सडकेनं जाता येत नाही, दिवसभर ज्वारीत बसायचं आणि अंधारात चालायचं. मुलाचं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. सून मान खाली घालून उभी होती. "किदर गए, किसीकू मालूम नै होना, मालक. कागदपे आये तो सब देखते. वो मिटाओ. पाँव पडतूं."

ह्यांनी कॅमेऱ्याच्या मागची सरकती फळी ओढली, प्लेट बाहेर काढली आणि मावळत्या उन्हात धरली. मला माहीत होतं म्हणजे काय झालं ते. उजेड लागला की प्लेट मेली. सगळा मोसम ज्या संध्याकाळची त्यांनी वाट बघितली होती ती तिथं, त्यांच्या बोटांत, संपली होती.

पण म्हाताऱ्याच्या लेखी काय झालं होतं? त्याच्यासमोर आधीही एक सायीच्या रंगाची काच होती आणि आताही तीच होती. त्यानं ती पुढून बघितली, मागून बघितली, आणि पुन्हा ह्यांच्या तोंडाकडं बघायला लागला. त्याला समजावून सांगता येईना. शेवटी ह्यांनी दगड बघितला आणि काच त्यावर आपटली. तेव्हा कुठं म्हाताऱ्यानं श्वास सोडला. म्हातारी पुढं आली आणि खाली बसून तुकडे वेचायला लागली. "बैलां के पाँव में जाते," म्हणाली आणि सगळे पदराला बांधून घेतले.

हरणाच्या सुंदरपणाबद्दल लोक बोलतात तेव्हा मला हे सगळं आठवतं. उंच झालेली मान, टवकारलेले कान, उचलून धरलेला पाय. आपण ज्याला डौल म्हणतो ती हरणाची भीती असते. पोट भरून निवांत चरणाऱ्या हरणाचा फोटो कुणी भिंतीवर लावत नाही. नंतर ह्यांनी पुष्कळ हरणं टिपली, नावही झालं, पण सूर्याकडं तोंड करून त्यांनी कॅमेरा पुन्हा लावला नाही. लोक विचारायचे. ते म्हणायचे, डोळ्यांना त्रास होतो. मी आतून चहा घेऊन यायची.

सूर्य टेकला होता. ती तिघं आमच्याच ज्वारीत शिरून बसली. अमावस्येचा अंधार पडायची वाट बघत. ज्या अंधाराच्या धास्तीनं मी दुपारी धड जेवले नव्हते, तोच त्यांना हवा होता. आणि त्या ज्वारीभोवती आता हेंडगा फिरणार होता.

हे मला आधी सुचलं, की ह्यांना, ते आठवत नाही. मी सोन्याचा कासरा त्यांच्या हातात दिला आणि ओचा धरून निघाले. कोपापाशी मामा उठून उभे होते, हातात कडब्याची पेंढी. भोवती शेजारच्या शेतातली तरणी पोरं गोळा झाली होती, पळायला अधीर. भादव्यात ती पोरं कुठं कुठं गेली होती ते बायकांना ठाऊक होतं. एकानं आगपेटी काढली.

मामांच्या समोर मी आजवर तोंड उघडलं नव्हतं. डोक्यावरून पदर ओढला आणि मोठ्यानं रडायला लागले. "मला भ्याव वाटायलंय, आत्याबाई. जाळ बगून भ्याव वाटायलंय. पेटवू नका."

पोरं हसली. माझ्या भित्रेपणाच्या गोष्टी गावभर झालेल्याच होत्या. आत्याबाईंनी मला पोटाशी धरलं. मामांनी माझ्याकडं बघितलं, मग मागून रिकामा चेहरा घेऊन येणाऱ्या आपल्या मुलाकडं, मग बराच वेळ ज्वारीकडं. आणि पेंढी खाली टाकली.

"यंदा ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

"येळवशीला हेंडगा न्हाई?" आगपेटीवाला म्हणाला. "पीक जाईल की, अप्पा."

"शेत माजं हाय. गेलं तर माजं जाईल."

गाडी जुंपली तेव्हा काही दिसत नव्हतं. कंदील होता, पण मामांनी लावू दिला नाही. त्यांना काय कळलं होतं ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. हेंडगा अडवणारी सून म्हणून मला पुढं कितीतरी वर्षं सगळे चिडवायचे, त्यात तेही असायचे. गाडीत आत्याबाईंनी चाचपून माझा हात धरला. "गेलं का भ्याव?" त्यांनी विचारलं. "न्हाई," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. मघाशी रडले तेही खरंच रडले होते. हे शेजारी बसले होते, त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता, पण मी त्यांच्यासाठी भीत नव्हते. नदीच्या बाजूला कुत्री भुंकतात का, तेवढंच ऐकत होते. गाव येईपर्यंत ती भुंकली नाहीत.